पंचवीस पौंड हवा

मंगळवार, ७ जानेवारी १९७५

आज मिरजेला पोचलो नाही. कवठे एकंदच्या अलीकडे जीपचं मागचं चाक बसलं. शेळ्यांसाठी कुणीतरी बाभळीच्या फांद्या ओढत नेलेल्या, रस्ताभर काटे. बाळगोंडाने स्टेपनी लावली, ती फर्लांगभर जाऊन बसली. माझा हा पुतण्या द्राक्षाच्या वेलीला तान्ह्या मुलासारखं जपतो, पण जीपच्या टायरला कधी हात लावून बघत नाही, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. तो म्हणाला, "आप्पा, वेल द्राक्षं देती. ही म्हातारी नुसतं पेट्रोल पिती."

तो दोन्ही चाकं एका ट्रकवर टाकून तासगावला गेला. सौ. राजमतीला मी लिंबाखाली वाकळ अंथरून बसवलं. तीन तास. पोटात गाठ असलेली बाई, माथ्यावर ऊन, आणि मी छत्री धरून उभा. बारा सुया घ्यायच्या आहेत, दर मंगळवारी एक. आजची तिसरी चुकली.

मी सारखा तासगावच्या रस्त्याकडे बघत होतो आणि ही मात्र मजेत. समोर शाळूचं रान वाऱ्यानं हलत होतं. म्हणाली, "आवं, ती पाखरांची कविता म्हणा की. सातारला पोरांकडनं म्हणून घेत होता ती." हिला अक्षरओळख बेताची, पण चाळीस वर्षं माझ्या तोंडून ऐकून चौथी ते सातवीच्या सगळ्या कविता पाठ. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. म्हटलं, बरी झालीस की म्हणेन.

घरी आल्यावर म्हणाली, "आज बरं वाटलं बगा." उन्हाची झापड असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिसरी सुई झाली. वजन त्रेचाळीस किलो भरलं, मागच्या खेपेला पंचेचाळीस होतं. दवाखान्यातला वजनकाटा दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, त्यानेही फरक पडत असणार.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मास्तर, दर आठवड्याला एवढ्या लांब आणायचा आग्रह आता नको. वाटेचाच त्रास त्यांना जास्त आहे. घरी राहू द्या, आवडेल ते करू द्या." सज्जन माणूस. बावीस मैलांचा आमचा रस्ता त्यांनी कधी पाहिला नसेल, पण दुखणं नेमकं ओळखलं. परतताना मी बाळगोंडाला म्हटलं, रोगाचं औषध मिरजेत आहे, वाटेचं औषध मात्र आपल्यालाच शोधायचं आहे. तो समोर बघून गाडी चालवत राहिला. मागे सौ.ने डोळे मिटले होते.

शुक्रवार, १७ जानेवारी

सांगलीत टायरची तीन दुकानं पालथी घातली. पंक्चर न होणारं टायर द्या म्हटलं की दुकानदार माझ्या टोपीकडे बघतात. एकजण म्हणाला, "गुरुजी, असं टायर फक्त बैलगाडीला असतं. लोखंडी." दुसऱ्याने नवीकोरी साधी टायरं दाखवली, सुरेख काळी, पाटीसारखी. पण बाभळीच्या काट्याला नव्या-जुन्याचा भेद कुठला?

एसटीत परतताना एकदम नाथाजी आठवला. सातारच्या शाळेतला माझा विद्यार्थी. मागच्या बाकावर बसायचा आणि कविता म्हणताना वर्गाच्या एक ओळ पुढे धावायचा. पुढे फौजेत गेला, वीस वर्षं ट्रक आणि जीपगाड्या चालवल्या. आता साताऱ्यात गाड्या दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी स्टँडवर भेटला होता तेव्हा असल्याच कुठल्याशा टायरांबद्दल बोलत होता. मी नीट ऐकलं नव्हतं. त्याच्या मागे अजिंक्यतारा दिसत होता आणि माझं लक्ष तिकडे.

सोमवार, २० जानेवारी

साताऱ्याला जाऊन आलो. आधी शाळेवरून चक्कर मारली. माझ्या वर्गाच्या खिडकीला आता जाळी बसवली आहे. आत कुणीतरी मुलांकडून कविता म्हणून घेत होतं, चाल चुकलेली. आत जाऊन सांगावंसं वाटलं. गेलो नाही.

नाथाजीच्या आवारात लष्कराच्या लिलावातून आणलेल्या टायरांचा ढीग. त्याने एक उभं केलं आणि माझा हात धरून टायरच्या बगलेवर, कडेच्या उभ्या भागावर, ठेवला. गेंड्याच्या कातड्यासारखी जाड.

"ह्येला आमी रनफ्लॅट म्हणतो, मास्तर. गोळी लागली, हवा गेली, तरी गाडी ह्येच्या बगलंवर उभी ऱ्हाती अन् चालती. लय न्हाई, तीस-चाळीस मैल. ते बी हळू."

"मला बावीसच हवेत," मी म्हणालो.

जीपच्या मापाची नऊ निघाली, त्यांतून पाच निवडायची होती. आत हात फिरवून तारा लागतात का, बगल वाकवून चीर पडते का, ते त्याने मला करायला लावलं. "तुमी मानिटर निवडताना नखं, केस, कान समदं बघत हुता. तसं बघा," म्हणाला. मी तसंच पाहिलं. चार आणि एक स्टेपनी. हिला माझ्या हातून पुन्हा रस्त्याकडेला बसावं लागणार नाही.

रविवार, २६ जानेवारी

नाथाजी टायरं घेऊन आला आणि दिवसभर राबून ती चढवली. प्रत्येकात पंचवीस पौंड हवा. मला एक गेज दिलं, पितळी, फाउंटन पेनाएवढं. व्हॉल्व्हवर दाबलं की दांडी बाहेर येते आणि आकडा दिसतो.

"एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "साधं टायर बसलं की आंधळ्याला बी कळतं. ह्ये कवाच दाखवत न्हाई. आत काय बी नसंल तरी वरनं ताठ. अंगठ्यानं दाबून बघू नका, लाथ मारून बघू नका. गेज लावायचं, सकाळी, चाक गार असताना. पंचवीसच्या खाली आलं की पंप मारायचा. बिनहवेचं लय पळवलं तर आतनं भाजून निघतं."

जीप आमच्या सोप्याच्या कट्ट्याला लावून ठेवतो, म्हणजे हिला सोप्यावरून सरळ आत पाय टाकता येतो. मागचं उजवं चाक अगदी हिच्या बाजेजवळ येतं. ती बाजेवरून सगळं बघत होती. नाथाजीला म्हणाली, "बाबा, घातलेली हवा पुन्ना काढायची झाली तर कशी काढत्यात?"

"सोपं हाय, बाई. ही टोपी काढायची अन् आतली पिन दाबायची. फुस्स."

आजारपणातही हिला नवं शिकायची हौस. मला फार बरं वाटलं.

मंगळवार, २८ जानेवारी

पाचवी सुई. नव्या टायरांवरची पहिली फेरी, एकदाही थांबलो नाही. फक्त बसतात कडक. साध्या टायरवर जीप ओवीसारखी हलत-डुलत जायची, या टायरवर दर खड्ड्याला यती घेते. हिने सीटची कड दोन्ही हातांनी धरली होती. माधवनगरच्या फाटकापाशी ओठ पांढरे दिसले. विचारलं, कशी आहेस? म्हणाली, "बरी हाय." येताना विचारलं तेव्हाही, "बरी हाय."

हवा थोडी कमी केली तर धक्के कमी बसतील का, असं बाळगोंडाला विचारलं. तो म्हणाला, "आप्पा, धक्का कमी करायचा तर जायचंच कमी करायला पायजे." तरुण माणसं अशी हातपाय गाळतात.

वजन एक्केचाळीस.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी गेज लावलं. तीन चाकांत पंचवीस. मागच्या उजव्यात अठरा. त्याच्या व्हॉल्व्हची टोपीही नाही. बाळगोंडाने पंप मारला. टायर दिसायला इतरांसारखंच होतं. नाथाजी म्हणाला तेच खरं.

हिने आजपासून गूळ सोडला. आम्हा जैनांच्या घरात बायका चातुर्मासात एकेक पदार्थ सोडण्याचा नियम घेतात, हीही दरवर्षी घेते. पण आता पौष आहे. विचारलं तर म्हणाली, "नियमाला म्हैना कशाला लागतो?"

सोमवार, १० फेब्रुवारी

मागच्या उजव्यात नऊ. नवी टोपी बसवली होती, तीही गेली. चाकाजवळ हिच्या केसांचा काळा आकडा पडलेला सापडला, तो तिला नेऊन दिला. तिने मुठीत धरला. केस इतके विरळ झालेत की आकडा टिकत नाही.

नाथाजीला पत्र टाकलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

नाथाजी आला. चाक काढून पाण्याच्या हौदात बुडवलं, एक बुडबुडा नाही. व्हॉल्व्हची पिन बदलली. मग हात पुसत म्हणाला, "मास्तर, टायर चांगलं, ट्यूब चांगली, व्हॉल्व्ह चांगला. हवा जात न्हाई. कुणीतरी काढतंय."

शाळा सुटल्यावर पोरं इकडून जातात. फुस्स आवाज ऐकायला पोरांना मौज वाटते. मी तसं म्हटलं. नाथाजी सोप्याकडे बघत होता. ही बाजेवर कुशीवर वळून झोपली होती, तोंड भिंतीकडे.

"आन् दर बारीला ह्येच चाक," तो म्हणाला. मग चहा न घेताच निघाला. एसटीत चढताना काहीतरी सांगायचं आहे असं करून थांबला, आणि नुसता पाया पडला.

मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली आहे. मुलांना रागावू नका, समजावून सांगा, असं लिहिलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मागच्या उजव्यात सहा. दवाखान्यात मागच्या खेपेला वजन एकोणचाळीस. रोज सकाळी उठून खाली येणारे आकडे बघायचे, दुसरा उद्योगच उरला नाही. हिने दूध सोडलं. कस्तुरी, बाळगोंडाची बायको, स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. विचारलं तर चुलीचा धूर म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

संध्याकाळी कस्तुरी धीर करून बोलली. "आप्पा, काकींना नका नेऊ आता. त्या तुमाला सांगायच्या न्हाईत. म्हणत्यात, एवढं सातारला जाऊन टायरं आणल्यात, त्येंचं मन कसं मोडू."

मी तिला समजावलं. आजाऱ्याचं मन खचतं, आपण खचायचं नाही. नऊ सुया होत आल्या, तीन उरल्या. परीक्षेच्या तोंडावर मुलगा शाळा नको म्हणतो, म्हणून का नाव काढायचं?

मंगळवार, ४ मार्च

आज गेज लावलं नाही. पितळी आकडा बघून निघालं की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. काठीने चारही चाकं ठोकली, चारही सारखीच टणक. गेज कपाटात कवितांच्या जुन्या वहीजवळ ठेवून दिलं.

निघताना बाळगोंडा हिला उचलून जीपमध्ये ठेवायला आला. ती आधी कट्ट्यावरून वाकून मागच्या उजव्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिली.

"आवं, हे चाक बसत न्हाई का कवा?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "आत हवा असो नसो. म्हणून तर आणलं."

"असं व्हय," ती म्हणाली. मग बाळगोंडाच्या गळ्यात हात टाकले.

दहावी सुई झाली. येताना द्राक्षाच्या बागांत काढणी चाललेली, बेदाण्याच्या शेडवर हिरवे घड जाळीवर पसरलेले. मी तिला दाखवत होतो. पाखरांची कविता म्हणू का, असंही विचारलं. "नगं आता," म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

आज टायरची परीक्षा झाली.

कुमठे फाट्यापाशी रबर जळल्याचा वास आला. बाळगोंडा उतरला, मागच्या उजव्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गेज कपाटातच होतं. त्याने पिन दाबली, आवाजच आला नाही. म्हणाला, "आप्पा, ह्यात घरापास्नंच हवा नसणार. अकरा मैल तसंच आलोय." पंप तेवढा घरी राहिलेला. स्टेपनी लावू म्हटलं तर मागचे नट तापून घट्ट बसलेले, पान्हा फिरेना.

इकडे मिरज अकरा मैल, तिकडे घर अकरा मैल. हळू गेलं तर टायर एकीकडे नेऊन पोचवेल, दोन्हीकडे नाही.

तेव्हा ही मागून बोलली. कितीतरी दिवसांनी असा आवाज ऐकला, तरुणपणी विहिरीवरून हाक मारायची तसा स्वच्छ. "घरी चला. आवं, मला घरी न्या."

बाळगोंडा माझ्याकडे बघत राहिला. स्टिअरिंगवर हात, डोळे ओले. मीही क्षणभर डगमगलो. पण अकरावी सुई. एवढ्यासाठीच तर ही टायरं निवडून आणली. म्हटलं, राजमती, हे टायर बसत नाही, घाबरू नकोस. आणि बाळगोंडाला म्हणालो, मिरज.

माणसाच्या चालीने गेलो. नाथाजीने शिकवलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकाच्या आत आल्यावर चाकाची बगल फाटून लोंबली, पण आत आल्यावर. हिला दिलेला शब्द पाळला, रस्त्याकडेला बसावं लागलं नाही.

सुई टोचायला नर्सला शीर सापडेना, फार वेळ लागला. येताना तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मोटारीतून आलो, त्याची टायरं साधी, गादीसारखी. वाटेत हिला विचारलं, कशी आहेस? या वेळी काही म्हणाली नाही.

गुरुवार, १३ मार्च

हिने आज अन्न सोडलं. फक्त पाणी. कस्तुरी म्हणते, काकींनी मागच्या महिन्यातच मनाशी ठरवलं होतं. मी म्हटलं, अठरा तारखेला बारावी सुई आहे, रिकाम्या पोटी कशी सोसणार? हिने माझा हात हातात घेतला आणि थोपटला, रडणाऱ्या मुलाला थोपटावं तसा.

रविवार, १६ मार्च

सकाळी सव्वादहाला सौ. राजमती गेली. कस्तुरी कानाशी णमोकार म्हणत होती. मी पायाशी होतो.

एक सुई राहिली.

शनिवार, २२ मार्च

नाथाजी भेटायला आला. मी त्याला सगळं सांगितलं, चार तारखेला मी गेज लावायचं बंद केलं तेही. म्हणालो, चूक माझी. मी रोज मोजलं असतं तर वाटेत दीड तास गेला नसता, तिला तेवढा ताण पडला नसता, बारावी सुईपर्यंत ती टिकली असती. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमची चूक न्हाई, मास्तर. टायरचीबी न्हाई." तो मला दुखवणार नाही, लहानपणापासून तसाच आहे. मिरजेहून ट्रकवर टाकून आणलेल्या जीपचं फाटलेलं टायर काढून त्याने स्टेपनीचं टायर नव्या पिनीसह चढवलं, पंचवीस पौंड भरले.

मंगळवार, ८ एप्रिल

मंगळवार आला की अजून लवकर जाग येते.

हिची देव्हाऱ्याजवळची लाकडी पेटी आज उघडली. जपमाळ, लग्नातला काचेच्या मण्यांचा सर, सातारच्या शाळेच्या निरोपसमारंभातला माझा फोटो. खाली एका रुमालात बांधलेल्या सहा टोप्या, व्हॉल्व्हच्या, आणि केसांचा एक काळा आकडा, टोक सरळ केलेला. पोरं काढून टाकत असतील आणि ही बाजेवरून उतरून, त्या अवस्थेत, एकेक उचलून माझ्यासाठी जपून ठेवत असेल. सांगितलं मात्र कधी नाही. रुमाल तसाच बांधून ठेवला.

जीप अजून सोप्याच्या कट्ट्यालाच असते. बाळगोंडा न्यायला आला तरी मी म्हणतो, संध्याकाळी परत इथेच लाव. रोज सकाळी चाक गार असताना गेज लावतो आणि आकडा लिहून ठेवतो. शाळा रोज सुटते, पोरं इथूनच जातात. सतरा दिवस झाले, मागच्या उजव्यात पंचवीस. एक पौंडही कमी होत नाही.

नाथाजीची ही पिन चांगली लागलेली दिसते. ती आधीच बसवायला हवी होती.